दोनशे टक्क्यांचा हिशेब

२०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटाने एक आकडा छापला: १०९ टक्के. पेंटासीन या गडद निळ्या सेंद्रिय पदार्थाचा १५ नॅनोमीटर जाडीचा थर आणि त्याला लागून फुलरीन, असा त्यांचा सौरघट होता. त्यावर ६७० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश टाकला, तर पडलेल्या दर १०० फोटॉनांमागे तारेत १०९ इलेक्ट्रॉन येत होते. जो प्रकाश शोषलाच गेला नाही तो हिशेबातून वगळला, तर आकडा १६० टक्क्यांच्या घरात जात होता.

असं काही वाचलं की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक टाळ्यांची, दुसरी ‘यात काहीतरी गोलमाल आहे’ अशी. या पुस्तकाला दुसऱ्या जातीचा वाचक जास्त हवा आहे. गोलमाल नाही, हे तर मी सांगेनच. पण ‘गोलमाल नाही’ एवढं म्हणण्यासाठी किती प्रकारचा पुरावा लागतो, तो कसा जमवतात, आणि जमवलेला पुरावा कुठे दगा देतो, हाच या पुस्तकाचा खरा विषय आहे. या आकड्यामागच्या घटनेवर, म्हणजे सिंग्लेट फिशनवर, लिहिताना बहुतेक लेखक सौरऊर्जेच्या भवितव्यापासून सुरुवात करून तिथेच संपवतात. मला त्यापेक्षा त्या आकड्याच्या मुळाशी जाण्यात रस आहे.

आधी ऊर्जेचा प्रश्न मिटवू. सिलिकॉनच्या घटात एक इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. हिरव्या प्रकाशाचा फोटॉन साधारण २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, निळा त्याहून मोठा. सिलिकॉन तो शोषतं, एक इलेक्ट्रॉन देतं आणि उरलेली ऊर्जा काही पिकोसेकंदांत उष्णता होऊन जाते. म्हणजे दहाची नोट देऊन पाचची वस्तू घ्यायची आणि सुटे परत मागायचे नाहीत, असा हा व्यवहार. सिंग्लेट फिशन करणारा पदार्थ ही नोट दुकानात जाण्याआधीच मोडून पाच-पाचची दोन नाणी हातात ठेवतो. फोटॉन एक होता, उत्तेजित रेणू दोन झाले. प्रत्येकाजवळ ऊर्जा मात्र निम्मी. तेव्हा १०९ टक्के किंवा २०० टक्के हे मोजमाप नगांचं आहे, ऊर्जेचं नव्हे. ऊर्जेचा ताळा १०० टक्क्यांच्या आतच बसतो.

या उधळपट्टीला आकड्यात बांधलं ते विल्यम शॉकली आणि हान्स क्वेसर यांनी, १९६१ साली. एकाच पदार्थाच्या साध्या घटाला सूर्यप्रकाशातून किती वीज काढता येईल याची त्यांनी घातलेली मर्यादा आजच्या हिशेबाने ३३ टक्क्यांच्या आसपास येते. २००६ मध्ये हॅना आणि नोझिक यांनी गणित मांडलं की एका फोटॉनमागे विजेचे दोन वाहक मिळाले तर ही मर्यादा ४५ टक्क्यांच्या आसपास नेता येईल. त्यानंतर या विषयाकडे पैसा वळला, आणि पैशाबरोबर घाईसुद्धा आली.

आता प्रत्यक्ष घटना. रेणूतले इलेक्ट्रॉन जोडीने नांदतात आणि जोडीतल्या दोघांचे स्पिन परस्परविरुद्ध असतात. प्रकाश शोषला की एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीत जातो, पण स्पिन तसाच राहतो. ही सिंग्लेट अवस्था. दोघांचे स्पिन समांतर असतील तर ती ट्रिप्लेट. समांतर स्पिनचे इलेक्ट्रॉन एकमेकांपासून अंतर राखून असतात, त्यांच्यातलं प्रतिकर्षण कमी पडतं, म्हणून ट्रिप्लेटची ऊर्जा सिंग्लेटपेक्षा कमी. काही मोजक्या रेणूंत ती इतकी कमी असते की दोन ट्रिप्लेट मिळून एका सिंग्लेटएवढेच होतात. पेंटासीनमध्ये सिंग्लेट १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जरा वर, ट्रिप्लेट ०.८६ च्या आसपास. गणित जमतं, थोडी ऊर्जा उरतेही.

एकट्या रेणूत सिंग्लेटचा ट्रिप्लेट व्हायचा तर स्पिन उलटावा लागतो, आणि हलक्या अणूंच्या रेणूंत ते काम सावकाश, नॅनोसेकंदांच्या हिशेबात चालतं. फिशनमध्ये स्पिन उलटावाच लागत नाही. शेजारच्या, शांत बसलेल्या रेणूला बरोबर घेऊन दोन ट्रिप्लेट अशा रीतीने जन्मतात की दोघांचा मिळून स्पिन शून्यच राहतो. नियम मोडला जात नाही, म्हणून अडवणूकही होत नाही. पेंटासीनच्या थरात हे सुमारे ८० फेमटोसेकंदांत उरकतं. एका सेकंदाचे लाख कोटी भाग केले आणि त्यातल्या एकाचे पुन्हा हजार, की एक फेमटोसेकंद मिळतो.

खरी अडचण इथे सुरू होते. जन्मलेले दोन्ही ट्रिप्लेट जवळपास अंधारे असतात. सिंग्लेट प्रकाश टाकून खाली येतो, म्हणून त्याचा माग काढता येतो. ट्रिप्लेटला तो मार्ग जवळजवळ बंद. म्हणजे या घटनेत जे दिसत होतं ते नाहीसं होतं आणि जे उरतं ते दिसत नाही. १९६० च्या दशकात हे प्रकरण पुढे आलं तेही अशाच एका उणेपणातून.

१९६५ मध्ये ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये एस. सिंग, जोन्स, सीब्रांड, स्टॉइचेफ आणि श्नायडर हे माणकाच्या लेसरने अँथ्रासीनचे स्फटिक उजळवत होते. उशिरा येणाऱ्या प्रकाशाचा अर्थ लावताना त्यांनी एका उत्तेजनाचे दोन ट्रिप्लेट होत असावेत अशी शक्यता मांडली. तेव्हा ती गोष्ट कोणी फारशी मनावर घेतली नसावी. पण अँथ्रासीनचा थोरला भाऊ टेट्रासीन संशोधकांना सतावत होता. अँथ्रासीनमध्ये तीन षट्कोनी कडी, टेट्रासीनमध्ये चार, रचना तीच. तरी अँथ्रासीनचा स्फटिक झगझगीत चमकतो आणि टेट्रासीनचा खोलीच्या तापमानाला जेमतेम मिणमिणतो. थंड केला की चमक वाढते. प्रकाश जातो कुठे? १९६८ मध्ये स्वेनबर्ग आणि स्टेसी यांनी उत्तर सुचवलं: सिंग्लेट फुटून जात असावेत.

सुचवणं वेगळं, सिद्ध करणं वेगळं. पुढच्याच वर्षी दोन गटांनी जो पुरावा आणला तो मला आजही या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. न्यूयॉर्क विद्यापीठात जियासिंटोव्ह, पोप आणि फोगेल यांनी आणि ड्यूपाँट कंपनीत मेरिफील्ड, अवाकियन आणि ग्रॉफ यांनी टेट्रासीनचा स्फटिक चुंबकात ठेवला. चमक बदलली. हे किती अजब आहे ते पाहा. एक टेस्ला क्षेत्रात इलेक्ट्रॉनच्या स्पिनच्या दोन पातळ्यांत पडणारं अंतर ०.१ मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. खोलीच्या तापमानाची उष्णता २५ मिलिइलेक्ट्रॉन-व्होल्ट. चुंबकाचा धक्का उष्णतेच्या दोनशेव्या हिश्श्याएवढा, तरी परिणाम उघड दिसतो. ऊर्जेच्या मार्गाने याचा उलगडा होऊच शकत नाही. उलगडा होतो तो स्पिनच्या गणिताने. दोन ट्रिप्लेटच्या जोडीच्या एकूण नऊ अवस्था संभवतात. त्यांपैकी किती अवस्थांमध्ये सिंग्लेटचा अंश आहे यावर फुटण्याचा वेग ठरतो, आणि चुंबकीय क्षेत्र नेमकी ही वाटणी बदलतं. जोरदार क्षेत्रात अशा अवस्था कमी होतात, फुटणं मंदावतं आणि वाचलेले सिंग्लेट चमकतात. अंधारातल्या जोडीला हात न लावता तिचं अस्तित्व वदवून घेतलं ते असं.

एवढं होऊनही विषय तीसेक वर्षं जवळपास झोपून राहिला. कारण सरळ होतं. स्फटिकाच्या भौतिकशास्त्रातली ही एक गंमत आहे, यापलीकडे तिचा उपयोग दिसत नव्हता. आणि प्रत्यक्ष घटना पाहण्याइतका वेगवान प्रकाश सहजी हाती नव्हता. नॉरिश आणि पोर्टर यांनी १९४९ मध्ये सुरू केलेली दोन लखलखाटांची पद्धत, म्हणजे पहिल्याने रेणू जागा करायचा आणि दुसऱ्याने त्याला पाहायचं, सुरुवातीला मायक्रोसेकंद आणि मिलिसेकंदांत चालत होती. तत्त्व आजही तेच आहे. लखलखाट मात्र कोट्यवधी पटींनी आखूड झाला.

आजच्या प्रयोगाचं टेबल जवळून पाहू, कारण पुढची सगळी प्रकरणं तिथेच घडतात. हवेच्या पायांवर टेकलेला पोलादी पाट, त्यावर इंचाइंचाला भोकं, भोकांत स्क्रूने आवळलेले आरसे. खोलीत अंधार, एसीचं तापमान एका अंशाने सरकलं तरी किरण सरकतो म्हणून दार सारखं उघडायचं नाही. टायटेनियम-सफायर लेसर सेकंदाला हजार पल्स सोडतो, ८०० नॅनोमीटरचे, प्रत्येक जेमतेम १०० फेमटोसेकंदांचा. एवढ्या वेळात प्रकाश ३० मायक्रोमीटर जातो. म्हणजे हा पल्स हवेत थांबवता आला असता तर त्याची जाडी केसाहून कमी भरली असती. आरशावर त्याचे दोन भाग होतात. मोठा भाग हवा तो रंग घेऊन नमुन्यावर आदळतो, तो पंप. छोटा भाग दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या सफायरच्या चकतीवर केंद्रित करतात, आणि चकतीतून पलीकडे पांढरा प्रकाश बाहेर पडतो. एका रंगाच्या, डोळ्याला अगदी मंद तांबूस दिसणाऱ्या किरणातून सगळे रंग. कागदाच्या चिटोऱ्यावर तो पांढरा ठिपका स्थिर दिसला की विद्यार्थी सुस्कारा सोडतात. लुकलुकत असेल तर दिवस फुकट. हा पांढरा प्रोब.

घड्याळ म्हणून वापरतात ती एक सरकती पट्टी. तिच्यावर कोपरा-आरसा बसवलेला असतो आणि एका किरणाला तिथवर जाऊन परत यावं लागतं. पट्टी एक मायक्रोमीटर सरकवली की वाट दोन मायक्रोमीटरने वाढते आणि पंप-प्रोबमधलं अंतर साडेसहा फेमटोसेकंदांहून थोडं जास्त वाढतं. १५ सेंटिमीटर सरकवली की एक नॅनोसेकंद. पंपाच्या वाटेवर एक फिरतं पातं दर दुसरा पल्स अडवतं, म्हणजे एकदा पंपासह आणि एकदा पंपाविना अशी प्रोबची नोंद होते. या दोन नोंदींतला फरक हजारात एक, कधी दहा हजारांत एक भाग इतकाच असतो. तो हजारो पल्सवर सरासरी काढून मिळवायचा.

हाती येतो तो रंग आणि वेळ यांचा एक नकाशा. त्यात तीन गोष्टी एकमेकींवर बसलेल्या असतात. जागे झालेले रेणू मूळ अवस्थेत उरले नाहीत म्हणून जुन्या रंगांचं शोषण घटतं. जागे झालेले रेणू नवेच रंग शोषतात. आणि प्रोब कधी कधी जागा रेणू खाली ओढून स्वतःच उजळतो. पेंटासीनच्या थरात फिशनची सही अशी असावी लागते: उजळण्याची खूण ८० फेमटोसेकंदांत मावळते, ट्रिप्लेटचं शोषण त्याच वेगाने उगवतं, आणि मूळ रंगातली घट वाढते, कारण आता एकाऐवजी दोन रेणू गैरहजर आहेत. पुस्तकात हे सोपं वाटतं. नकाशावर या तिन्ही गोष्टी एकाच पट्ट्यात पडतात तेव्हा दोन जाणती माणसं एकाच नकाशातून दोन वेगळ्या कथा वाचू शकतात, आणि वाचलेल्याही आहेत.

त्यात पांढऱ्या प्रोबचे सगळे रंग एकाच वेळी पोचत नाहीत. काचेतून येताना निळा तांबड्याच्या मागे पडतो, त्यामुळे प्रत्येक रंगाचा ‘शून्य क्षण’ वेगळा. पंप आणि प्रोब नमुन्यात एकत्र असतात तेव्हा तर नुसती काचसुद्धा संकेत देते. जी घटना ८० फेमटोसेकंदांत संपते तिच्यासाठी हा सगळा गोंधळ नेमका नको त्या जागी येतो. त्यासाठी आणखी आखूड पल्स बनवावे लागले.

पण मला जास्त बोलायचं आहे ते सावकाश दगा देणाऱ्या गोष्टींबद्दल, कारण टक्केवारीचे आकडे तिथे फसतात. पहिली उष्णता. पंपाने थराला दिलेली ऊर्जा शेवटी उष्णताच होते. गरम झालेल्या थराचा वर्णपट किंचित सरकतो, आणि गरम वर्णपटातून थंड वर्णपट वजा केला की दीर्घकाळ टिकणाऱ्या ट्रिप्लेटसारखा दिसणारा आकार मिळतो. केंब्रिजच्या गटाने २०११ मध्ये पेंटासीनच्या बाबतीत फिशनचा वाटा किती आणि उष्णतेचा किती, याची मुद्दाम फोड केली. तो निबंध १०९ टक्क्यांच्या निबंधाइतका गाजला नाही. माझ्या मते तो त्याच्याआधी वाचायला हवा.

दुसरी गोष्ट, गर्दी. संकेत बारीक म्हणून पंपाचा जोर वाढवायचा मोह होतो. जोर वाढला की उत्तेजित रेणू एकमेकांना भेटून विझतात आणि सिंग्लेट लवकर संपतात. तो वेग फिशनचा समजला की घोटाळा. यावर उपाय सोपा आहे. जोर कमी करत जाऊन वेग स्थिर होतो का ते पाहायचं. सोपा आहे, पण दिवसेंदिवस मोजत बसावं लागतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत नाजूक. ट्रिप्लेट किती झाले हे सांगायचं तर एक ट्रिप्लेट किती शोषतो ते माहीत हवं. ट्रिप्लेट थेट प्रकाशाने बनत नाहीत, म्हणून द्रावणात दुसऱ्या एखाद्या रेणूकडून ते उसने घेतात, तिथे मोजतात, आणि द्रावणातला आकडा घन थराला लावतात. थरात रेणू एकमेकांना चिकटून, एकाच दिशेने तोंड करून बसलेले असू शकतात. मग शोषण प्रकाशाच्या दिशेवरही अवलंबून राहतं. या एका गृहीतकात वीस-तीस टक्क्यांचा फरक सहज दडू शकतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या बोल्डर आणि गोल्डन इथल्या जॉन्सन, नोझिक आणि मिख्ल यांनी डायफेनिल-आयसोबेंझोफ्युरानच्या थरात ७७ केल्विनला २०० टक्के ट्रिप्लेट मोजले, आणि आकड्याच्या पुढे ‘अधिक-उणे ३०’ असं स्वच्छ लिहिलं. बातम्यांत २०० तेवढा राहतो.

टेट्रासीनचं कोडं तर अजून पुरतं सुटलेलं नाही. त्याचा सिंग्लेट २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आणि दोन ट्रिप्लेट मिळून २.५ चे. चढ आहे. चढ असेल तर उष्णतेची मदत लागावी आणि थंडीत प्रक्रिया मंदावी. चमक थंडीत वाढते हे १९६८ च्या मंडळींना याच विचाराशी जुळणारं वाटलं. पण वेगवान पल्सनी पाहिलं तर सिंग्लेट फुटण्याची पहिली पायरी १० केल्विनइतक्या थंडीतही शंभरेक पिकोसेकंदांतच होते. म्हणजे जोडी बनणं आणि जोडी सुटणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. उष्णतेची गरज पडते ती बहुधा सुटण्याला. काहीजण एन्ट्रॉपीच्या जोरावर चढ पार होतो असं मांडतात. जोडी सुटताना दोन ट्रिप्लेटना फिरायला जागा भरपूर मिळते, इथपर्यंत ते पटतं. पहिल्या पायरीसाठी ते स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं.

आता रंगांकडे. पेंटासीन आणि टेट्रासीन प्रयोगशाळेचे लाडके आहेत, पण हवा आणि उजेड एकत्र मिळाले की पेंटासीनच्या मधल्या कड्यावर ऑक्सिजन चढतो आणि रंग उडतो. ज्याला उन्हात बसायचं आहे त्याला ऊन सोसत नाही. म्हणून संशोधक अशा रेणूंकडे वळले ज्यांचा धंदाच उन्हात टिकण्याचा आहे: रंगद्रव्यं. मोटारींच्या लाल-मरून रंगांत असणारे पेरिलीन डायइमाइड, आणि ज्याच्यापासून ‘फेरारी रेड’ म्हणून ओळखला जाणारा लाल बनतो ते डायकिटोपायरोलोपायरोल, म्हणजे डीपीपी. पेरिलीन डायइमाइडची एक गंमत रंगारी लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गाभा तोच ठेवून टोकाचे गट बदलले की स्फटिकातली रचना बदलते आणि रंग लालपासून काळ्यापर्यंत कुठेही जातो. फिशनचंही तसंच. द्रावणात एकटा असताना हा रेणू मन लावून चमकतो. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वासिलेव्स्की यांच्या गटाने २०१३ मध्ये त्याचे रेणू एकमेकांवर थोडे सरकून बसतील असा थर बनवला. १८० पिकोसेकंदांत फिशन झालं आणि ट्रिप्लेटचं प्रमाण १४० टक्के भरलं. तेच रेणू अगदी समोरासमोर बसले तर दोघांत उत्तेजन अडकून पडतं, एक्सायमर बनतो, आणि पुढे काही होत नाही. पुस्तकाचा एक मोठा भाग या ‘सरकून बसण्या’वर खर्च झाला आहे.

रंगांच्या याच शोधात पुढचं नाव निळीचं. ती आपल्या देशाच्या इतिहासात पुरेशी कडू आहे. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि इथल्या शेतातल्या निळीचा भाव कोसळला. त्याच नीळ-रेणूच्या मधल्या बंधाभोवती दोन नवी कडी जोडली की सिबालॅकरोट नावाचा तांबडा रंग मिळतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने आणलेला. नीळ स्वतः उत्तेजन फार लवकर गिळून टाकते, म्हणून तर ती एवढी टिकते. कडी जोडली की तो मार्ग बंद होतो आणि रेणू चमकू लागतो. टिकाऊ, स्वस्त, ऊर्जेचं गणित जुळणारा. मिख्ल आणि जॉन्सन यांच्या गटाने २०१९ मध्ये त्याचे थर तपासले. थरात तीन प्रावस्था सापडल्या, दोन स्फटिकी आणि एक अस्ताव्यस्त. रेणूंची दिशा अर्धवट सारखी आहे म्हणून मोजमापात दुरुस्ती केली. सिंग्लेट झपाट्याने संपतात, मधे विद्युतभार सरकल्यासारखी एक अवस्था दिसते, आणि मग ट्रिप्लेट येतात, बऱ्यापैकी येतात. पण १०० टक्क्यांच्या पुढे जात नाहीत. आणि १०० च्या आत असतील तर ते फिशनमधूनच आले असं म्हणता येत नाही. साध्या, स्पिन उलटण्याच्या मार्गानेही आलेले असू शकतात. त्यांनी तसंच लिहून टाकलं. या विषयातला विद्यार्थी माझ्याकडे आला तर मी त्याला आधी हा निबंध देतो.

याच जातीचा एक निकाल आपल्या देशातून आला आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सतीश पाटील यांचा गट डीपीपीवर बरीच वर्षं काम करतो. २०२२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये छापलेल्या निबंधात डीपीपीच्या थरांची गोष्ट आहे. पंप-प्रोब मोजमाप आणि एका अतिशय क्षीण प्रकाशाच्या खुणेवरून ट्रिप्लेटची जोडी बनते हे दाखवलं. इथेच थांबले असते तरी निबंध छापला गेला असता. पण त्यांनी नमुना इलेक्ट्रॉन-स्पिन अनुनादाने तपासला. ट्रिप्लेट कसा जन्मला याची खूण त्याच्या स्पिनच्या वाटणीत काही काळ राहते, आणि ही पद्धत ती वाचते. निघालं असं की दीर्घकाळ टिकणारे ट्रिप्लेट जोडी सुटून आलेले नाहीत. ते साध्या मार्गाने आले आहेत. एकाच थरात दोन मार्ग शेजारी-शेजारी, एकमेकांशी स्पर्धा करत चालू. नुसत्या पंप-प्रोबवर विसंबलं असतं तर दोन्ही एकाच खात्यात जमा झाले असते. शिवाय रेणू वेगळ्या रीतीने रचलेल्या दुसऱ्या थरात जोडी बनलीच नाही, ऊर्जेचं गणित तेच असूनही.

शेवटी सिलिकॉन. डेव्हिड डेक्स्टर यांनी १९७९ मध्येच सुचवलं होतं की टेट्रासीनसारख्या थराने फोडलेले ट्रिप्लेट सिलिकॉनला द्यावेत. टेट्रासीनचा ट्रिप्लेट १.२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, सिलिकॉनला हवेत १.१, जोडा जुळतो. अडचण अशी की ट्रिप्लेट अंधारा, दूर अंतरावरून ऊर्जा फेकू शकत नाही. त्याला अगदी चिकटून, इलेक्ट्रॉनांची अदलाबदल करून ती द्यावी लागते. आणि सिलिकॉनचा पृष्ठभाग उघडा ठेवला की तिथे वाहक मरतात, झाकला की ट्रिप्लेट पोचत नाही. एमआयटीच्या गटाने २०१९ मध्ये मधे हाफ्नियम ऑक्सिनायट्राइडचा ८ अँगस्ट्रॉमचा, म्हणजे मोजक्या अणूंच्या जाडीचा थर ठेवला आणि फोडणं व पोचवणं मिळून १३३ टक्क्यांच्या आसपास आकडा दाखवला. डेक्स्टरच्या सूचनेनंतर चाळीस वर्षांनी. त्या घटाची एकूण कार्यक्षमता मात्र बाजारातल्या साध्या सिलिकॉन पॅनेलला गाठणारी नव्हती, आणि ते अपेक्षितही नव्हतं. छपरावरच्या पॅनेलला पंचवीस वर्षांची हमी मागतात. टेट्रासीन ती देऊ शकेल असं मला वाटत नाही. रंगद्रव्यं देतील, पण ती अजून दोनशेच्या जवळ नेमाने पोचत नाहीत.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल थोडं. बारावीचं रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र आठवत असेल तर पहिली तीन प्रकरणं अडणार नाहीत. चौथ्यात जोडीच्या नऊ अवस्थांचं गणित आहे. पहिल्या वाचनात ते सोडलं तरी चालेल, पण चुंबकाच्या प्रकरणाआधी परत या, नाहीतर तिथे माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा लागेल, आणि ते मला नको आहे. जिथे जिथे टक्केवारी दिली आहे तिथे नमुना घन होता की द्रावण, तापमान किती, पंपाचा जोर किती आणि ट्रिप्लेटचं शोषण कुठून घेतलं, हे त्याच ओळीत दिलं आहे. त्यामुळे काही वाक्यं लांबली आहेत. एकाच रेणूत दोन गाभे जोडून केलेलं फिशन आणि २०१७ पासून ट्रिप्लेट-जोडीच्या पाच पातळ्यांच्या अवस्थेवर सुरू झालेलं काम यांना मी हात लावलेला नाही. ते दोन्ही विषय आता एवढे वाढले आहेत की त्यांना त्यांचं वेगळं पुस्तक लागेल.